तीन रत्तल दुलई, साडेआठ शेर नातू

खामगावच्या कापूस बाजारात पुंजाजी मापाऱ्यानं वजन सांगितलं की विषय संपला. व्यापारी असो की कास्तकार, ‘पुन्हा तोला’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. छातीवर पितळी बिल्ला, डोक्याला मळका पटका, भुवयांत बारमाही कापसाचे तंतू. काट्यावर पहिलं ओझं चढलं की तो ‘एक’ म्हणत नसे. ‘लाभ’ म्हणायचा, मग दोन, मग तीन. मोजणीची आपल्याकडची जुनी रीत ती. पण त्याचं खरं नाव झालं होतं हातावरच्या वजनासाठी. गुळाची भेली द्या, कोंबडी द्या, नाहीतर पायातला जोडा द्या. तळहातावर जरासं खालीवर करून तो शेर-छटाक सांगायचा, आणि काट्यावर घालून पाहिलं तर नेमकं तेवढंच भरायचं. बाहेरगावचे कास्तकार मुद्दाम हा तमाशा पाहायला थांबत.

बाजारात एवढा मान, घरात मात्र शुकशुकाट. बायको रुखमाबाई दोन वर्षांमागं गेली. एकुलती एक लेक तानी, लग्नात नाव बदलून प्रतिमा झालेली, ती मुंबईला. जावई नीळकंठराव तिथं गिरणीत इंजिनिअर. माणूस चांगला, पण मुंबई ती मुंबईच. संध्याकाळी घरी जाऊन बोलायचं कुणाशी, म्हणून पुंजाजी बाजारातच हमालांमध्ये बसून राहायचा. रखवालदार फाटकाला कुलूप घालायला आला आणि ‘चला आता’ म्हणाला की मग उठायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. पण घरात बाईमाणूस नाही, मग लेकीला आणून ठेवायचं कुणाच्या भरवशावर? बाळंतपण मुंबईच्या दवाखान्यातच झालं. मुलगा झाल्याची तार आली त्या दिवशी पुंजाजीनं बाजारभर बत्तासे वाटले, आणि घरी येऊन दार लावून पोटभर रडला. रुखमाबाईनं शेवटच्या हंगामात एक एक बोंड निवडून, हातानं सरकी काढून, कापूस पेटीत बांधून ठेवला होता. तानीच्या लेकराच्या दुलईसाठी. ती पेटी त्यानं उघडली, हात फिरवला आणि परत लावून टाकली.

नातू आठ महिन्यांचा झाला तरी आजोबानं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि दिवाळीच्या आधी तानीचं पत्र आलं.

“बाबा, यांना आठच दिवसांची सुट्टी आहे. कलकत्त्याला मोठ्या वन्संकडं जायचं ठरलंय. रेल्वेत चार दिवस मोडतात म्हणून विमानानं निघालोय. विमान नागपूरला अर्धा तास थांबतं. तुम्ही या. बाळाला तुमच्या हातात देईन, मग सांगा किती शेर आहे ते. सामान माणशी चव्वेचाळीस रत्तलच नेऊ देतात. मी तीन रत्तलांची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. आईच्या कापसाची दुलई करून आणता येईल का?”

पत्र पुंजाजीनं तीनदा वाचून घेतलं. मग विमानावर भडकला. रेल्वेनं निघाली असती तर शेगावच्या फलाटावर भेटली असती. लग्नानंतर एकदा भेटलीच होती की! पाच मिनिटं गाडी थांबली, खिडकीतून डबा दिला, गालावरून हात फिरवला, झालं. आता ही बया डोक्यावरून उडत जाणार, आणि बापानं पावणेदोनशे मैल जाऊन तिला खाली उतरताना गाठायची. काय मेली सुट्टी म्हणायची ही!

पण रागाला धरून बसतो कोण? पिंजाऱ्याकडून त्यानं कापूस पिंजून घेतला, लाल छिटाची दुलई शिवून घेतली, आणि पितळी तराजूत पाच वेळा तोलली. पावणेतीन रत्तल. ना कमी, ना जास्त.

ऐन हंगाम सुरू होताना मापारी दोन दिवस सुट्टी मागतो म्हटल्यावर बाजारात बोभाटा झालाच. तुळशीराम हमाल त्याचा वीस वर्षांचा जोडीदार. तो म्हणाला, “पुंजाभाऊ, नातवाले उचला अन् वजन घेऊन या. सारा बाजार वाट पाहून राह्यला.”

“हाव, आणतो.”

“काटा देऊ का संगं?”

“कायले काटा? हे हात कायले हायेत बे?” पुंजाजीनं दोन्ही तळवे पुढं केले आणि मंडळी खदाखदा हसली. किती दिवसांनी तोही हसला.

आदल्या दुपारच्या गाडीनं निघून, रात्र नागपूरच्या धर्मशाळेत काढून, सकाळी आठालाच तो टांग्यानं सोनेगावच्या विमानतळावर हजर झाला. बगलेत दुलईचं गाठोडं. कोटाच्या खिशात सरकारी शिक्क्याचं शेराचं पितळी वजन. ते कशाला, असं विचाराल तर त्यालाही सांगता आलं नसतं. काहीजण जपमाळ ठेवतात, हा शेर ठेवायचा.

फाटकावरच्या चपराशानं अडवलं. “पास?”

“कायचा पास? पोरीले भेटाले आलो.”

“पास शहरातल्या ऑफिसात भेटते.”

घ्या! फलाटाला तिकीट असतं हे ठाऊक होतं. मोकळ्या माळावर उभं राहायलाही कागद लागतो हे आजच कळलं. टांगा तर निघून गेलेला. तानीचं पत्र दाखवून, हात जोडून, शेवटी ‘सावलीत गुपचूप बसा, आत घुसू नका’ एवढ्यावर सुटका झाली.

सोनेगावला तेव्हा होतं काय, तर एक लांबट पत्र्याची शेड, चार बाकं आणि एक फळा. शेडच्या पलीकडं मैदानाच्या कडेनं दोरी बांधलेली. फळ्यावर खडूनं लिहिलेलं, मुंबईचं विमान सव्वादहा. दहा वाजता कारकून आला, पुसून साडेअकरा केलं. अकराला पुन्हा आला, पावणेएक केलं. का, कशामुळं, विचारलं तर ‘मुंबईहून उशिरा निघालंय’ एवढंच. ते तर फळाही सांगत होता.

बाकावर नागपूरचे वामनराव वकील बसले होते, भलते जाडजूड, आणि त्यांच्या शेजारी त्यांची मंडळी सत्यभामाबाई. दोघं याच विमानानं कलकत्त्याला निघालेली. कंपनीच्या मोटारीनं त्यांना सकाळी सातालाच आणून टाकलं होतं.

“मौज म्हणून निघालो हो,” वामनराव कपाळ पुसत म्हणाले, “आणि मौज ही अशी! रेल्वे उशिरा आली तर निदान भजी तरी मिळतात. इथं नुसते पाव!”

“आणि माझा फराळाचा डबा घरी ठेवायला लावला,” बाई म्हणाल्या. “म्हणे वजन जास्त होतंय. दिवाळीला काय दगड नेतेय मी?”

पुंजाजीला ती माणसं आवडली. त्यानं न विचारताच सांगून टाकलं की लेक येणार आहे, नातू येणार आहे, आठ महिन्यांचा, अजून पाहिला नाही.  बाईंनी आपल्या पिशवीतली एकुलती एक करंजी काढून त्याच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात उतारूंचं वजन करायला सुरुवात झाली. हो, वजन! सामानाचं तर करतातच, पण माणसालाही पोत्यासारखं काट्यावर चढवतात आणि आकडा चारचौघांत ओरडून सांगतात. पुंजाजीचे डोळे चकाकले. आपला धंदा! वामनराव काट्यावर चढायच्या आत तो पुटपुटला, “दोनशे बारा.”

“दोनशे चौदा!” कारकून ओरडला. वामनरावांनी तोंड लपवलं.

 पुंजाजीची नजर चुकली? तो वाकून काट्याखाली बघायला लागला. काट्याचा एक पाय फुटक्या फरशीवर टेकलेला, आणि वर कुणी नसतानाही सुई शून्याच्या पुढंच उभी. दोन रत्तलांची खोट! त्याला शिसारी आल्यासारखं झालं. पण आपल्याला काय करायचंय, म्हणून तो परत सावलीत येऊन बसला.

एक वाजून गेल्यावर आभाळात घरघर सुरू झाली. सगळे उठून उभे राहिले. कारकून शेडच्या दारात येऊन मोठ्यानं म्हणाला, “उशीर झाल्यामुळं विमान पंधरा मिनिटंच थांबेल. उतारू दोरीच्या पलीकडंच उभे राहतील. कुणाला वस्तू द्यायची असेल तर आधी इथं तोलून द्या, आम्ही पोचवू.”

अर्ध्या तासाची पंधराच मिनिटं राहिली. पुंजाजी गाठोडं घेऊन धावला. पहिलाच. कारकुनानं दुलई काट्यावर टाकली आणि कागद पाहिला.

“पावणेपाच, म्हणजे पाच रत्तल धरायचे. त्यांच्या नावावर तीनच शिल्लक आहेत. नाही जाणार.”

“पावणेतीन हाये,” पुंजाजी म्हणाला.

“काटा पावणेपाच दाखवतोय.”

“काटा खोटा हाये.”

कारकून तरणा होता, सकाळपासून लोकांच्या शिव्या खाऊन वैतागलेला. “तुम्ही कोण सांगणारे?” पुंजाजीनं कोटाचा पदर सारून पितळी बिल्ला दाखवला. बाहेर विमान टेकल्याचा मोठा आवाज झाला, शेडचे पत्रे थरथरले. रांगेतल्या सत्यभामाबाई मागून म्हणाल्या, “अहो, आधी लेकीला भेटून या. दुलईचं राहू द्या!”

“हाव बाई. एक मिनिट.”

खिशातून शेराचं वजन काढून त्यानं काट्यावर ठेवलं. शेर म्हणजे दोन रत्तलांच्या जरासा वर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुई चारावर जाऊन थांबली. रांगेत हशा पिकला. वामनराव तर नाचायचेच बाकी राहिले. “म्हणजे मी दोनशे बाराच की!”

कारकुनाचं तोंड एवढंसं झालं. पण मनानं वाईट नव्हता बिचारा. आवाज खाली आणून म्हणाला, “बुवा, जाऊ द्या. दोन रत्तलांनी विमान पडत नाही. मी पाच लिहितो आणि देतो सोडून. तुम्ही जा दोरीजवळ.”

आता कुणीही शहाणा माणूस काय करता? हात जोडता आणि पळत सुटता. पुंजाजीचा पाय उचलला पण गेला नाही. रुखमीनं एक एक बोंड निवडलेला कापूस. पावणेतीन रत्तल. त्याच्यावर पाच लिहायचं? तीस वर्षांत त्यानं दुसऱ्याच्या पोत्यावरही खोटा आकडा पडू दिला नव्हता, आणि आज स्वतःच्या बायकोच्या हातच्या कापसावर पडू द्यायचा?

“पाच लिहू नका साहेब,” तो म्हणाला. “पावणेतीन हाये ते. काटा नीट करा अन् मग लिहा.”

“अहो बुवा...”

“दोन मिनिटांचं काम हाये. मी करतो.”

आणि खरंच तो खाली बसला. फुटक्या फरशीवरून काट्याचा पाय सरकवला, खाली चपटा दगड सारला, मागचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली. कारकुनानं वरच्या साहेबाला बोलावलं, कारण काट्याला हात लावायची परवानगी त्यालाही नव्हती. साहेब आला, इंग्रजीत तणतणला, पुन्हा शेर ठेवून पाहिला, मग मान डोलावली. दुलई पुन्हा चढवली. पावणेतीन. रांगेतल्या कुणी तरी टाळी वाजवली. कारकुनानं चिठ्ठी लिहिली, दुलईला टाचली, आणि हमाल ती घेऊन गेला. पुंजाजीच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि तोंडावर हसू होतं.

तेवढ्यात बाहेर घंटा झाली.

तो धावत शेडला वळसा घालून दोरीपाशी आला. दोरीजवळ कुणी नव्हतं. उतारू विमानाकडं निघालेले, शंभर पावलांवर. हिरवं लुगडं त्यानं पाठीवरून ओळखलं. तिची चाल आईसारखीच, उजवा खांदा जरा खाली. त्या खांद्यावर एक लेकरू, पांढरं टोपडं, तोंड मागं केलेलं. म्हणजे पुंजाजीकडंच. पण एवढ्या लांबून डोळे कोणते, नाक कोणतं, काही दिसत नव्हतं. नुसतं एक गोल, पांढरं, हलणारं.

“तानी!” तो ओरडला. “अवं तानी! थांब वं माय!”

पंख्यांनी धूळ उडवली आणि आवाज तिथंच बुडाला. शिडीच्या वरच्या पायरीवर ती थांबली, वळली. कपाळावर हात धरून तिनं दोरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. पुंजाजीनं पटका काढून हलवला. धुळीत काय दिसणार? नीळकंठरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती आत गेली. वामनराव, सत्यभामाबाईही मागोमाग चढले. बाईंनी मात्र त्याच्याकडं वळून पाहिलं. शेवटी लाल छिटाची दुलई घेऊन हमाल चढला.

विमान गेलं. आभाळात माशीएवढं झालं आणि मग तेही दिसेना. पुंजाजी दोरी धरून उभाच.

चपराशी जवळ आला. “तुमचीच का हो ती, हिरव्या लुगड्याची? लेकरू घेऊन इथंच उभी होती. पुरे दहा मिनिटं. येईल त्याले विचारे, माझे बाबा दिसले का, खामगावचे बाबा. मले वाटलं तुम्ही कंटाळून गेले. म्या सांगतलं, बाई, कोणी नाई आलं.”

 दोरीच्या त्याच जागी, जिथं ती उभी होती, पुंजाजीनं हात ठेवला. दुलई तिच्या हाती पडेल तेव्हा तिला कळेल की बाप आला होता. आला होता आणि शेडमधून दुलई देऊन निघून गेला, असंच कळेल. त्या चिठ्ठीवर पावणेतीन लिहिलंय हे ती वाचेल. त्या पावणेतीनासाठी काय गेलं, ते चिठ्ठीवर थोडंच लिहिलंय?

परतीच्या गाडीत त्याच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू येऊन बसलं. त्यानं ते हळूच उचलून त्याच्या आईकडं दिलं. त्याच्या हातांनी ते वजन घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात पोचला तेव्हा गाड्या फाटकापर्यंत लागल्या होत्या. बिल्ला सरळ करत तो काट्याकडं निघाला आणि हमालांनी घेरलं. तुळशीराम सगळ्यांच्या पुढं. “आले, आले! बोला पुंजाभाऊ, भेटली का लेक?”

“भेटली.”

“अन् नातू? कोणासारखा हाये?”

“आजीसारखा,” पुंजाजी म्हणाला.

“मंग सांगा ना लवकर! किती भरला?”

 दलाल वहीतून मान वर काढून बघायला लागले, दोन कास्तकार गाडीवर उभे राहिले. पुंजाजीनं आपले दोन्ही तळवे पाहिले. त्याच्या मनात आलं, सांगून टाकावं. एकदा तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडेल आणि ही माणसं हळहळतील, पाठीवर हात ठेवतील, आणि मग फाटकाला कुलूप लागल्यावर आपण पुन्हा घरी जाऊ. त्यानं तळवे जरासे खालीवर केले.

“साडेआठ शेर,” तो म्हणाला.

एकच गलका झाला. कुणी पटका उडवला, कुणी ‘पैलवान हाये, पैलवान!’ म्हणून ओरडलं. गाडीवरच्या एका कास्तकारानं गमतीनं विचारलं, “पुरे साडेआठ? काट्यावर घालून पाह्यलं व्हतं का?”

तुळशीराम त्याच्या अंगावरच गेला. “काऊन बे, नवा हायेस का बाजारात? पुंजाभाऊनं सांगतलेलं वजन हाये. ते कोणी पुन्हा तोलत नसते.”

पुंजाजी वळला आणि काट्यापाशी जाऊन उभा राहिला. पहिलं ओझं चढलं, दांडी सरळ झाली. सगळे त्याच्या ‘लाभ’ची वाट पाहत होते, आणि तो डोळे पुशीत म्हणाला की आज कापसाचा तंतू लई उडून राह्यला.